लसीचा सत्कार

प्रज्ञेश : सावलीत गेला तू. पुन्हा पहिल्यापासून.

अजित : अरे, एक पाऊल! तेसुद्धा माशी हाकलायला.

प्रज्ञेश : माशी उन्हात होती. तू सावलीत गेला. पायरी उतर, पिवळ्या टेपच्या आत राहा आणि उन्हात उभा राहा. ठरलंय आपलं.

अजित : प्रज्ञेश, हे ऑस्ट्रेलियातलं डार्विन आहे. ऑक्टोबरमध्ये इथल्या मगरीसुद्धा पाण्याबाहेर येत नाहीत.

प्रज्ञेश : मगरींना साक्षीदार लागत नाही. तुला लागते. आज दुपारी फेडरल पोलिसांचा फोन येणार आहे आणि तुला मी हवा आहे. नको असेल तर खोलीत जा, एसी लाव, पड. क्वारंटाइनमध्ये झोपायला कोणी मनाई केलेली नाही.

अजित : आणि बाहेर पडल्यावर थेट तुरुंगात जा, असं म्हण ना.

प्रज्ञेश : मी कुठे म्हटलं? तिकडच्या रेडिओने म्हटलं.

अजित : रेडिओ काय वाट्टेल ते बोलेल! "परदेशी समारंभ सल्लागार अजित यांनी आपल्या शूर सैनिकांची लस विकली आणि कुप्यांत पाणी भरलं." पाणी! मी! अरे, इतकी वर्षं मेलबर्नला क्रेगीबर्नच्या गणेशोत्सवाचा सेक्रेटरी आहे मी. प्रसादाचा एक मोदक कधी इकडचा तिकडे झाला नाही.

प्रज्ञेश : म्हणून तर तुझं नशीब बघ. ती लस खरी होती हे सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला, आणि तो नेमका तुझ्या शेजारच्या व्हरांड्यात निघाला.

अजित : मग सांग ना फोनवर. दोन वाक्यांचं काम आहे. त्यासाठी मला पापडासारखं वाळवायचं कारण काय?

प्रज्ञेश : तुझ्या त्या कार्यक्रमात लसीच्या कुप्या जेवढा वेळ उन्हात होत्या, तेवढा वेळ तू उभा राहा. मग मी दोन काय, वीस वाक्यं बोलतो.

अजित : घड्याळ लावलंयस का तरी?

प्रज्ञेश : घड्याळ कशाला? कार्यक्रम तुझा होता. अख्खा पाठ असेल तुला. पहिल्यापासून म्हण. आभारप्रदर्शन झालं की सावलीत ये.

अजित : अख्खा? महामहीम राष्ट्राध्यक्षांच्या भाषणासकट?

प्रज्ञेश : भाषण तूच लिहिलं होतं नं?

अजित : मी फक्त ड्राफ्ट केलं होतं. आणि एक सांगतो, देशाचं नाव मी घेणार नाही. एनडीए आहे, गुप्ततेचा करार.

प्रज्ञेश : ज्या सरकारने तुझं नाव रेडिओवर घेतलं, त्याच्याशी तुझा एनडीए.

अजित : करार म्हणजे करार. ठीक आहे, सुरू करतो. नमस्कार. सर्वांचं मनःपूर्वक स्वागत…

प्रज्ञेश : समोर कोण बसलं होतं ते सांग आधी.

अजित : समोर कंपनीचे जवान.

प्रज्ञेश : जवान?

अजित : बरं बाबा, भाडोत्री सैनिक. दहा देशांतून गोळा केलेले. महामहिमांचं स्वतःचं सैन्य राजवाड्याभोवती लागायचं, त्यामुळे लढायला माणसं भाड्याने आणावी लागली. बेसिकली आउटसोर्सिंग. तूही त्याच कंपनीच्या पगारावर होतास, तेव्हा असा बघू नकोस माझ्याकडे.

प्रज्ञेश : होतो. कंपनीची लॅब माझ्याकडे होती. रक्त, लघवी, कोविड. बंदूक धरली नाही कधी.

अजित : मी तरी कुठे धरली? मी माइक धरला. मेलबर्नमध्ये लॉकडाउनवर लॉकडाउन, लग्नं बंद, मुंजी बंद, माझी इव्हेंट कंपनी घरात बसलेली. त्यात हे कॉन्ट्रॅक्ट आलं. मला सांगितलं, युद्ध दोन आठवड्यांत संपेल, विजयोत्सवाची तयारी करा.

प्रज्ञेश : मी पोचलो तेव्हा त्या दोन आठवड्यांचा आठवा महिना चालू होता.

अजित : विजयोत्सवाची कमान मात्र तयार होती. उन्हात रंग उडायचा, दर महिन्याला पुन्हा रंगवायचो. पाणी पिऊ का?

प्रज्ञेश : कुप्यांना दिलं होतं?

अजित : तू ना… बरं. स्वागतगीत. त्यांच्या शाळेतल्या बारा मुली, मी स्वतः बसवलेलं. चाल आपली, शब्द त्यांचे. स्टेजवर मधोमध महामहिमांची खुर्ची, आणि पुढे चांदीच्या ताटांत, झेंडूच्या माळांमध्ये मांडलेल्या लसीच्या कुप्या. काय दिसत होतं ते!

प्रज्ञेश : त्या निळ्या बर्फाच्या पेट्यांत आल्या होत्या.

अजित : हो, पण पेट्यांचं ऑप्टिक्स काय? मासळीबाजारासारखं दिसलं असतं. त्या देशात कोविड नाही असा रीतसर कायदा होता, तुला माहितीये. त्यामुळे लस "शौर्यवर्धक" म्हणून द्यायची होती. शौर्य काय थर्माकोलच्या पेटीतून काढायचं?

प्रज्ञेश : स्वागतगीत चालू असताना कोण आलं तुझ्याकडे?

अजित : तू आलास.

प्रज्ञेश : काय म्हटलं मी?

अजित : म्हणालास, कुप्या पेटीत ठेवा, ऊन लागून राहिलं.

प्रज्ञेश : आणि तू?

अजित : मी म्हटलं, पाच मिनिटं. अरे, कार्यक्रमात सगळेच पाच मिनिटं म्हणतात! त्याला का कोणी शब्द धरतं?

करुणा : गुड आफ्टरनून! टेम्परेचर. प्रज्ञेशदादा, जय भीम.

प्रज्ञेश : जय भीम, करुणा.

अजित : अच्छा! तुम्ही एकमेकांना आधीपासून ओळखता?

करुणा : नाही. मी इथल्या हॉस्पिटलची नर्स, कॅम्पवर ड्यूटी लागलीय. दादांना परवा पहिल्यांदा पाहिलं.

अजित : नाही, म्हणजे ते… मी जातबित मानत नाही हं. अजिबात.

प्रज्ञेश : आम्ही काही विचारलं का?

अजित : सहज सांगितलं.

प्रज्ञेश : सहज. पहिल्या दिवशी टेपच्या पलीकडून नमस्कार केल्यावर तुझा दुसरा प्रश्न होता, आडनाव काय. पहिला होता, वायफायचा पासवर्ड काय.

करुणा : अजित सर, तुम्ही उन्हात काय करताय? टोपी नाही, सनस्क्रीन नाही. आत व्हा.

अजित : नको. मी ठीक आहे.

करुणा : ठीक? बीटरूट झालाय चेहऱ्याचा. हीटस्ट्रोक आला तर मला डॉक्टरला उत्तर द्यावं लागेल. कोणी उभं केलंय का तुम्हाला?

अजित : कोणी नाही. स्वेच्छेने.

प्रज्ञेश : बघ, त्या देशात राहून तू शिकला काहीतरी.

करुणा : मी लहान नाहीये, दादा. काय चाललंय?

प्रज्ञेश : कार्यक्रम. हे सूत्रसंचालन करून राहिले, मी प्रेक्षक.

अजित : करुणा, तुला काय सांगायचं. माझ्यावर आळ आलाय, आणि या गृहस्थाने खरं बोलायची ही फी लावलीय. ऐक, मी एक लसीकरण सोहळा केला होता…

करुणा : लसीकरणाचा सोहळा?

प्रज्ञेश : लसीचा सत्कार म्हण. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं. समई कुठे ठेवली होती, अजित?

अजित : ताटांच्या मधे.

करुणा : कुप्यांच्या मधे? पेटवलेली?

अजित : सिमेट्री असते गं स्टेजची.

करुणा : सर, इथे आम्ही फ्रिजचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी सुपरवायझरला फोन करतो.

प्रज्ञेश : मी पण केला असता. सुपरवायझर खुर्चीत बसला होता, गळ्यात हार घालून. म्हणून दुसऱ्यांदा स्टेजवर गेलो. अजित, काय म्हणाला होता तू तेव्हा?

अजित : फोटो होऊ दे, म्हणालो.

प्रज्ञेश : पुढे.

अजित : पुढे सत्कार. शाल आणि श्रीफळ. नारळ काही मिळाले नाहीत त्या देशात, म्हणून अननस दिले.

करुणा : कुणाला?

अजित : कंपनीच्या प्रत्येक तुकडीप्रमुखाला. माणसाच्या एका खांद्यावर बंदूक, दुसऱ्या खांद्यावर लोकरीची शाल, हातात अननस. बिचारे सॅल्यूट कुठल्या हाताने करायचा ते शोधत होते.

करुणा : मला हसू येतंय. सॉरी.

प्रज्ञेश : हस. आम्ही पण हसलो होतो. संजीव तर अननस मोजून राहिला होता, संध्याकाळी शिरा करतो म्हणे सगळ्यांसाठी.

करुणा : संजीव कोण?

प्रज्ञेश : माझा रूममेट. अॅडलेडला, मॉसन लेक्सला, युनिव्हर्सिटीत असताना एका खोलीत राहायचो आम्ही. तो चंद्रपूरचा, मी नागपूरचा. कायम राहायचा पीआर झाल्यावर त्याने डब्याचा धंदा टाकला, चांगला चालला. मग कोविड आला, युनी ऑनलाइन गेली, पोरं आपापल्या देशात अडकली, डबे खाणार कोण? मीच त्याला म्हटलं, कंपनीला स्वयंपाकी पाहिजे, चल माझ्यासोबत. लढाई दुसरे करतील, आपण भात लावू.

करुणा : मग?

प्रज्ञेश : मग त्याने रांगेत उभं राहून लस घेतली. सगळ्यांत शेवटी, कारण स्वयंपाकी होता. तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल केला. शुभदा, बघ, मी सेफ झालो. दुसऱ्या दिवसापासून मास्क काढला. तुकडीतली पोरं तापाने पडायला लागली तर हा त्यांना भरवायला जायचा. म्हणे, मला काय होते, माझं इंजेक्शन झालं.

करुणा : दादा…

प्रज्ञेश : तिकडे कोविड नव्हता नं. त्यामुळे ऑक्सिजन पण नव्हता. दाखल्यावर लिहून दिलं, शौर्याने मृत्यू. तू जा करुणा, तुझा राउंड व्हायचा असेल.

करुणा : अजित सर, ही बाटली पायरीवर ठेवते. पाणी प्या. आणि पोलिसांचा फोन आला की मी आणून देते, आधी त्यांना प्रज्ञेशदादांशी बोलायचंय. मराठी दुभाषी कोणी मागितला होता?

अजित : मी. दोघांसाठी. भावना इंग्रजीत नीट उतरत नाहीत.

करुणा : ओके. मिळालीय एक, मंजिरी नावाची. लाइनवर असेल.

अजित : गेली का? अरे, तिच्यासमोर कशाला काढायचं हे सगळं?

प्रज्ञेश : सत्कार झाला. पुढे.

अजित : पुढे भाषण. "माझ्या शूर पुत्रांनो." मग इतिहास, मग शत्रूचा इतिहास, मग महामहिमांचं बालपण. ते लांबलं हे मला मान्य आहे. मी बालपणाची दोन पानं दिली होती, त्यांनी स्वतःच्या मनाने पौगंडावस्था वाढवली. त्यात माझा दोष नाही.

प्रज्ञेश : बोल. सगळं बोल.

(बऱ्याच वेळाने. ऊन तसंच आहे.)

अजित : "…आणि माझ्या आईने मला तेव्हा सांगितलं, बाळ, तू या देशाचा बाप होशील." टाळ्या. हे झालं भाषण.

प्रज्ञेश : मी तिसऱ्यांदा कधी आलो?

अजित : भाषणाच्या मधेच. आईच्या आधी.

प्रज्ञेश : काय म्हणाला तू?

अजित : आता आठवत नाही.

प्रज्ञेश : महामहिमाची आई आठवते. हे नाही आठवत?

अजित : मी म्हटलं, खाली उतर, फ्रेममध्ये येतोयस.

प्रज्ञेश : उतरलो. ती माझी चूक. चांदीचं ताट तुझ्या डोक्यात घालायला पाहिजे होतं.

अजित : कबूल. मी मूर्ख होतो, बास? मूर्ख म्हण, बेजबाबदार म्हण. पण चोर नाही ना मी! आणि तुम्ही लोकांनी काय केलं? एका पाण्याच्या अफवेवर तुमच्या कंपनीचा कर्नल रणगाडे घेऊन थेट राजधानीवर निघाला! युद्ध चालू असताना! आघाडी सोडून! मी त्या दिवशी राजवाड्यात होतो, तुला कल्पना नाही काय टेन्शन होतं.

प्रज्ञेश : मी मागच्या ट्रकमध्ये होतो. आम्हाला काही टेन्शन नव्हतं. रस्त्यातली प्रत्येक सरकारी चौकी फाटक उघडून देत होती. एका शिपायाने विचारलं, तुमच्यात भरती चालू आहे का?

अजित : इकडे मंत्री विमानतळावर पळालेले. दोघं तर माझ्या मंडपाच्या कापडात लपले. आणि मला हुकूम आला, बंड मोडल्याच्या आनंदोत्सवाची तयारी ठेवा. दुसऱ्या खात्याकडून हुकूम आला, बंड यशस्वी झाल्याच्या आनंदोत्सवाची तयारी ठेवा. मी एकच स्टेज घातलं, बॅनर दोन केले.

प्रज्ञेश : महामहीम काय करून राहिला होता?

अजित : झोपले होते. दुपारचे झोपतात ते.

प्रज्ञेश : झोपला होता. मला वाटलं होतं, एक दिवस तरी घाबरेल. आम्ही पुलापाशी पोचलो. नदी ओलांडली की राजवाडा. तिथे कर्नलला फोन आला. तो गाडीतून उतरला, बाजूला गेला, परत आला तेव्हा हसून राहिला होता. म्हणे, कंपनीने आपल्या भूमिकेचा फेरविचार केला आहे. बदल्यात दक्षिणेतली सोन्याची खाण आणि विमानतळावरचं ड्यूटी-फ्रीचं दुकान.

अजित : ड्यूटी-फ्रीसुद्धा? मला फक्त खाण माहीत होती.

प्रज्ञेश : बंड न्याहारीनंतर सुरू झालं, चहाच्या आधी संपलं. जे जास्त ओरडले होते ते उत्तरेच्या आघाडीवर गेले. तुझ्यामाझ्यासारख्या परदेशी लोकांना विमानात कोंबून पाठवून दिलं. आणि संध्याकाळी रेडिओवर तुझं नाव आलं. कोणीतरी दोषी लागते नं.

अजित : तेच तर म्हणतोय मी! मी फुकट… एक मिनिट. थांब. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की लस खरी होती, उन्हाने वाया गेली.

प्रज्ञेश : हो.

अजित : मग कर्नलला पाणी कुणी सांगितलं?

प्रज्ञेश : मी.

अजित : तू?

प्रज्ञेश : संजीव गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुकडीत जे आजारी पडले नव्हते त्या सगळ्यांचं रक्त तपासलं. अँटिबॉडी शून्य. रिपोर्ट घेऊन कर्नलकडे गेलो. खरं सांगणार होतो. साहेब, सरकारने खरी लस मागवली होती, पण एका माणसाला फोटो चांगले पाहिजे होते. मग मनात आलं, हे ऐकून तो काय करेल? सिगारेट पेटवेल. सरकार मूर्ख आहे हे त्याला माहीतच होतं, त्याच मूर्खपणावर त्याचा धंदा चालू होता. मूर्खपणावर कोणी बंड करत नाही रे. चोरीवर करतात. म्हणून सांगितलं, कुप्यांत पाणी होतं, खरी लस कोणीतरी विकून खाल्ली.

अजित : म्हणजे माझ्यावरचा आळ… हा तू…

प्रज्ञेश : तुझं नाव मी घेतलं नव्हतं. ते त्यांनी शोधलं. पण घेतलं म्हणून वाईट वाटलं असंही नाही.

अजित : हलकट माणसा! तूच आग लावलीस, आणि वर मला उन्हात उभा करून साक्षीची भीक मागायला लावतोयस? मघापासून? स्वागतगीतापासून?

प्रज्ञेश : सावलीत गेला तू.

अजित : गेलो! खड्ड्यात गेलं तुझं ऊन! मीच सांगतो पोलिसांना. याने खोटं सांगून बंड घडवलं म्हणून सांगतो!

प्रज्ञेश : सांग नं. लॅबमधल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्षावर रणगाडे पाठवले, म्हण. दुभाषी बाई पण दोनदा विचारेल, नीट ऐकलं का मी. आणि त्यांना पटलं तरी तुझा काय फायदा? पाणी होतं असं म्हणणारा मी खोटा, तर मग लस खरी होती असं म्हणणारा मी तरी कशाला खरा?

अजित : मग महामहिमांना उभं कर ना उन्हात! मलाच का?

प्रज्ञेश : राष्ट्राध्यक्ष माझ्या हाताला लागला नाही. तो झोपला होता. कर्नलला खाण मिळाली. माझ्या वाट्याला तू आला, अजित. माझी पण काही निवड नव्हती.

अजित : माझी मुलगी बारावीला आहे रे. सुरुची. रोज फोनवर विचारते, बाबा, यू डिडन्ट डू इट, राइट? शाळेत मुलं लिंक पाठवतात तिला. मी काय सांगू? मला तिला सांगायचंय की एका माणसाने पोलिसांना खरं सांगितलं. एवढंच.

प्रज्ञेश : मला इथून सुटल्यावर मॉसन लेक्सला जायचंय. शुभदा विचारेल, त्याला लस तर दिली होती नं, मी पाहिलं होतं फोनवर. मी काय सांगू ते मला माहीत नाही. तू काय करतो आता? सावली की ऊन?

अजित : कुठपर्यंत आलो होतो?

प्रज्ञेश : भाषण संपलं होतं.

अजित : पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं?

प्रज्ञेश : नको. तिथून चाल. मी काही महामहीम नाही.

अजित : भाषण संपलं. मग लस टोचली. पहिली कर्नलला, मग हुद्द्याप्रमाणे. आणि मग आभार. या मंगल प्रसंगी आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल महामहिमांचे आभार. कंपनीच्या सर्व पदाधिकाऱ्यांचे आभार. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींचे आभार. मंडप, माइक, फुलांची आरास, फोटोग्राफर, ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक. आणि… आणि अल्पोपहार देणारे… संजीव यांचे आभार.

प्रज्ञेश : तेव्हा त्याचं नाव नव्हतं घेतलं.

अजित : आता घेतलं ना.

प्रज्ञेश : घेतलं.

अजित : झालं. संपला कार्यक्रम. येऊ सावलीत?

प्रज्ञेश : ये. बस. पाणी पी, हळूहळू पी.

अजित : सांगशील ना मग?

प्रज्ञेश : सांगतो. ठरलंय आपलं. तू उभा राहिला, मी सांगतो.

अजित : थँक्यू. खरंच थँक्यू, मित्रा. हाश्श! डोकं गरगरतंय, पण मोकळं वाटतंय. तू मनाने वाईट नाहीस, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मेलबर्नला ये एकदा. सुरुचीला भेट. आमच्या मंडळात तुझं व्याख्यानच ठेवू, युद्धभूमीवरचे अनुभव असं काहीतरी. लोकांना आवडतं.

प्रज्ञेश : बघू.

अजित : शाल आणि नारळ, इथे मिळतात नारळ. ए, आता आपण दोघंच आहोत म्हणून विचारतो. बाकी सगळं सोड, ती लस, ऊन, ते दुर्दैव होतं. पण एक मान्य कर. कार्यक्रम देखणा झाला होता.

प्रज्ञेश : तू पाणी पी.

अजित : नाही, खरं सांग. तो झेंडू, ती चांदी, वर निळं आभाळ. अजून लोक फोटो मागतात माझ्याकडे.

प्रज्ञेश : हो. देखणा झाला होता.

करुणा : दादा, फोन. स्पीकरवर आहे, पुसून दिलाय. दुभाषी ताई लाइनवर आहेत. अजित सर, तुम्ही मास्क वर घ्या.

प्रज्ञेश : हॅलो. हो, मंजिरीताई, ऐकू येते. हो, मीच प्रज्ञेश… नाही, इंग्रजी येते मला, पण मराठीतच बोलतो… हो, ओळखतो. शेजारच्याच खोलीत आहेत… हो, त्या कार्यक्रमाला मी हजर होतो.

अजित : सांग, सांग त्यांना.

प्रज्ञेश : नाही ताई, काही नाही, शेजारी बोलून राहिले… काय विचारतात साहेब? कुप्या? त्यांना सांगा, मी एकदम मागच्या रांगेत होतो. तिथून स्टेज दिसत नव्हतं.